थोरला निकेल आणि धाकटा निकेल

भिण्याच्या कामात मी कधी हयगय केलेली नाही. गल्लीतलं कुत्रं, दारात आलेली तार, डॉक्टरांचं नुसतं 'बघू या' म्हणणं, या सगळ्यांना मी वेळच्या वेळी आणि रीतसर भ्यालो आहे. पण एखाद्या धातूला भ्यायची पाळी माझ्यावर शहात्तर साली आली, आणि तीही निकेलसारख्या धातूला, ज्याने तोवर माझं काहीच वाकडं केलं नव्हतं.

जळगावात पन्नालाल शेठजींचा इनॅमलच्या भांड्यांचा कारखाना होता. मी तिथे स्टोअरकीपर. पत्र्याच्या ताटल्यांवर इनॅमलचा लेप चढवायचा, त्या लोखंडी घोडीवर मांडायच्या आणि ती घोडी सव्वाआठशे अंशाच्या भट्टीत ढकलायची, म्हणजे चार मिनिटांत ताटल्या दुधासारख्या पांढऱ्या होऊन बाहेर येत. निदान याव्यात अशी अपेक्षा असे. घोडी म्हणजे सळ्यांचा एक मोठा सांगाडा, खाटेएवढा. पण साध्या लोखंडाला इतकी धग सोसत नाही. त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते खालच्या ताटल्यांवर पडून कायमचे चिकटतात. आमची प्रत्येक ताटली अंगावर काळे तीळ घेऊन जन्माला येई. पिंपळनेरकडच्या एका आश्रमशाळेने सगळा माल परत पाठवला, आणि सोबतच्या पत्रात लिहिलं की मुलं ताटलीवरचे तीळ नखाने खरवडत बसतात आणि तोवर आमटी निवते.

तिळांचं एक वेळ चाललं असतं. पण डिसेंबरात भट्टीतून बाहेर येताना घोडीचा एक पाय वाकला आणि चाळीस लालभडक ताटल्या जमिनीवर आल्या. भट्टीवर इसाकभाई मिस्त्री आणि त्यांचा जोडीदार रमजान होते. रमजानचा पाय वीतभर अंतराने वाचला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणी डबा उघडला नाही.

शेठजी हादरले. त्यांनी मुंबईच्या एका एजंटाला बोलावलं. त्याने टेबलावर हातभर लांबीच्या दोन सळ्या ठेवल्या, दोन्ही सारख्याच चकचकीत. ओळखू याव्यात म्हणून एकीच्या टोकाला तांबडा रंग होता, दुसरीच्या टोकाला हिरवा. तांबड्या टोकाच्या सळईत पंचाहत्तर टक्के निकेल. हिरव्या टोकाच्या सळईत तेहतीस टक्के, बाकी क्रोमियम आणि लोखंड. दोन्ही भट्टीत वर्षानुवर्षं टिकतात, असं एजंट म्हणाला. मग फरक काय, असं शेठजींनी विचारलं. एजंटाने बराच विचार करून सांगितलं की एक दुपटीहून जास्त महाग आहे. एवढं बोलून तो स्टेशनावर गेला आणि दोन अनोळखी धातू माझ्या पदरात टाकून गेला. मी जास्त निकेलच्या, महागड्या धातूचं नाव थोरला आणि दुसऱ्याचं धाकटा असं ठेवलं, कारण त्यांची खरी नावं उच्चारताना माझी जीभ अडखळत होती.

माझ्याच पदरात का, तर माल परदेशी होता. त्याला परवाना लागत होता. परवान्याच्या अर्जात एक रकाना होता: हाच मिश्रधातू का हवा, दुसरा का चालणार नाही, हे शास्त्रीय शिक्षण झालेल्या जबाबदार व्यक्तीने स्वतःच्या सहीने लिहावं. खाली बारीक अक्षरात होतं की माहिती चुकीची आढळल्यास कारवाई होईल. आख्ख्या कारखान्यात बी.एस्सी. झालेला माणूस मी एकटा. तेही तिसऱ्या वर्गात, आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत माझी परीक्षानळी फुटली होती. पण शेठजींच्या मते पदवीवर वर्ग कोण बघतो. आणीबाणीचे दिवस होते. 'कारवाई' हा शब्द तेव्हा नुसता वाचला तरी माणूस दाराची कडी तपासून येई.

घरी येऊन मी हे सुनंदाला सांगितलं. तिने ते शेजारच्या मोहनबाईंना सांगितलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं की विसपुत्यांकडे निकेलचं काम आलं आहे. मोहनबाई स्वतःचा पितळी स्टोव्ह घेऊन आल्या आणि यावर तेवढं निकेल चढवून द्या म्हणाल्या. त्यांच्या मागून आणखी दोन स्टोव्ह आले. ते परत पाठवताना माझी जी शोभा झाली, ती मी इथे सांगत नाही.

खरा सल्ला मिळाला तो समोरच्या खोलीतल्या रुपचंद नानांचा. नाना भुसावळच्या रेल्वेत छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते, आणि या छत्तीस वर्षांत त्यांच्यावर एकदाही ठपका आला नव्हता. त्याचं रहस्य त्यांनी मला ओट्यावर बसून हळू आवाजात सांगितलं. स्वस्त वस्तू निवडली आणि ती मोडली, तर साहेब विचारतो की स्वस्त का घेतली. महाग वस्तू मोडली, तर साहेब वस्तूला शिव्या देतो. म्हणून मनुष्याने नेहमी महागाच्या बाजूने सही करावी.

मला हे इतकं पटलं की त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. मी भट्टीवर जाऊन इसाकभाईंनाही विचारलं होतं. त्यांनी दोन्ही सळ्या हातात तोलून बघितल्या आणि धातूतलं मला काही कळत नाही असं म्हणाले. मग एवढंच बोलले, "साहेब, आपल्या भट्टीच्या तेलाला गंधकाचा वास आहे. आतली भिंत तडकलीय, धूर भांड्यापर्यंत येतो. माझे डोळे झोंबतात. या सळ्यांचं काय होतं ते बघून घ्या." मी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांसाठी स्टोअरमधून गुलाबपाण्याची बाटली पाठवून दिली आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात अर्जावर थोरल्याचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'धाकट्याने हे काम होणे अशक्य.' मग धाकटा हा शब्द खोडून त्याचं खरं नाव लिहिलं. सही अशी आली की यशवंत या माझ्याच नावातला 'श' वाचता येईना.

अर्ज मुंबईला जायच्या आधी त्यावर उद्योग खात्याच्या साहेबांचा शिक्का लागे. जळगावचे साहेब रजेवर होते आणि त्यांचा चार्ज धुळ्याच्या साहेबांकडे होता. म्हणून मी दोन्ही सळ्या जुन्या धोतरात गुंडाळून धुळ्याची एस.टी. पकडली. साहेब तरुण होते आणि माझ्याइतकेच घाबरलेले दिसले. त्यांनी सळ्या बोटाने ढकलून बघितल्या, जणू त्या चावतील. हाच धातू हवा याची तुम्हाला खात्री आहे ना, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हणालो, दर वेळी आधीपेक्षा हळू. एरवी अशा कचेरीत कागद महिनाभर निजून राहतो, आणि मी मनातून त्याच भरवशावर होतो. पण त्या वर्षी सगळ्यांनाच कामाची धास्ती बसली होती. साहेबांनी माझ्यादेखत शिक्का मारला आणि कागद त्याच दुपारच्या टपालाने मुंबईला गेला. सरकारी काम एका दिवसात झालेलं मी आयुष्यात तेव्हा प्रथम पाहिलं. मला ते अशुभ वाटलं.

परतीच्या वाटेवर, एका नाक्यावर पोलिसांनी बस थांबवली. चोरट्या चांदीची झडती चालू होती. तस्करांच्या धरपकडीच्या बातम्या रोज पेपरात येत. हवालदार एकेक पिशवी चाचपत माझ्यापर्यंत आला, आणि माझा चेहरा बघूनच थांबला. नंतर मला कुणीतरी सांगितलं की निर्दोष माणूस झडतीच्या वेळी कंटाळलेला दिसतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. त्याने धोतर उलगडलं. आत दोन चकचकीत सळ्या.

त्याने नाव विचारलं. मी विसपुते म्हणालो.

"विसपुते म्हणजे सोनारच ना?" हवालदार म्हणाला, आणि सगळी बस माझ्याकडे वळली.

सोनारकी आमच्या घरात आजोबांबरोबर संपली, हे मी त्याला समजावू लागलो. त्याने ते लिहून घेतलं. बस निघून गेली. माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या, धुळ्यापासून माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेल्या गृहस्थाने जाताना खिडकीतून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्याचा खिसा मीच कापला होता.

चौकीत मी सांगितलं की ही चांदी नाही, हा भट्टीचा धातू आहे आणि यात लोखंडसुद्धा आहे. हवालदार समंजस होता. त्याने शेजारच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून स्पीकरचं चुंबक आणवलं. लोखंड असेल तर चिकटेल, असं तो म्हणाला, आणि मीही मोठ्या आत्मविश्वासाने हो म्हणालो. चुंबक थोरल्याला चिकटलं नाही. धाकट्यालाही चिकटलं नाही. असे मिश्रधातू चुंबकाला दाद देत नाहीत, हे मी कॉलेजात शिकलो असणार. ते आठवायला याहून वाईट मुहूर्त मिळाला नसता. हवालदाराने माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची थोडी लांब सरकवली. त्या क्षणी मला कोठडीच्या गजांमागे स्वतःचं तोंड दिसलं, दाढी वाढलेलं, आणि गजांबाहेर हातात डबा घेतलेली सुनंदा.

भीतीने कधी कधी माणसाला शहाणपण सुचतं. मी म्हणालो की चांदी भट्टीत वितळते. हा धातू वितळणार नाही. वितळला तर मला आत टाका.

चौकीमागेच झुलाल लोहाराचं दुकान होतं. झुलाल साठीचा, भाता ओढून ओढून एका खांद्याने झुकलेला. त्याने दोन्ही सळ्यांची रंग नसलेली टोकं दगडी कोळशात खुपसली आणि भाता सुरू केला. पिवळा, झोंबणारा धूर निघाला. हवालदार, दोन शिपाई आणि जमलेली पन्नासएक माणसं चांदी वितळण्याची वाट बघत उभी राहिली. तास गेला. सळ्या लाल झाल्या, मग नारिंगी झाल्या, पण थेंब काही गळेना. मी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. हवालदाराचाही संशय फिटला असावा. पण एवढ्या लोकांना उभं केलं आहे तर काहीतरी करून दाखवावं, म्हणून त्याने झुलालला घण घालायला सांगितलं.

धाकट्यावर घाव पडला. तो वाकला. आणखी दोन घाव पडले, आणखी वाकला, पण एकसंध राहिला.

थोरल्यावर घाव पडला आणि त्याचं टोक तुटून दूर उडालं.

कुणाला त्याचं काही वाटलं नाही. गर्दी पांगू लागली. मी मात्र खाली वाकून ते टोक बघत राहिलो. तुटलेल्या तोंडावर चिरा होत्या आणि आतले कण सुटे सुटे दिसत होते. झुलालने ते सांडशीत धरलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाला, "हाऊ बठ्ठा गंधक पी ग्या, भाऊ. आते हाऊ लोखंड नही, खडीसाखर शे."

मी खालीच बसलो. हवालदाराला वाटलं सुटकेच्या आनंदाने बसलो. त्याने चहा मागवला, पुढच्या बसच्या कंडक्टरला माझ्यासाठी जागा ठेवायला सांगितली आणि वर म्हणाला की असं भिऊ नका, भिण्यासारखं आता काही राहिलं नाही. त्या भल्या माणसाला काय सांगणार? भ्यायचं खरं कारण मला तिथेच मिळालं होतं. गंधकाच्या धगीत थोरला खडीसाखर होतो. आमच्या भट्टीत तेलाचा गंधक होता, भिंतीला तडे होते, आणि थोरल्याच्या घोडीला लागून इसाकभाई आणि रमजान उभे राहणार होते. आणि धाकट्याने हे काम होणे अशक्य, असं लिहिलेला माझ्या सहीचा कागद मुंबईच्या वाटेवर होता.

घरी आल्यावर नानांना सगळं सांगितलं. नाना शांत होते. त्यांच्या मते काहीच बिघडलं नव्हतं. घोडी मोडली तर धातूला दोष लागेल, मला नाही. उलट सही केलेलं निवेदन चुकीचं होतं असं आपल्या तोंडाने सांगणं म्हणजे पायात बेडी मागून घेणं. सध्याचे दिवस कसे आहेत, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी गप्प राहायचं ठरवलं. गप्प राहणं मला जन्मतः येतं.

दोन दिवस गप्प राहिलो. जेवण जाईना. सुनंदाने काय झालं विचारलं, तेव्हा तिलाही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "रमजानच्या बायकोला, खातूनला, पाचवा महिना आहे. परवा बाजारात भेटली होती." मग ती मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली.

तिसऱ्या दिवशी मी परत धुळ्याला गेलो. एस.टी.तून उतरताना पुढच्या बाईंचा आधार घ्यावा लागला आणि त्या रागावल्या. साहेबांसमोर उभा राहून मी सांगितलं की माझं निवेदन चुकीचं आहे, माझा अभ्यास कमी पडला, धातू दुसरा हवा. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पाठवलेलं निवेदन चुकलं असं कळवण्याचा नमुनाच कचेरीत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी कारकुनाला विचारलं, कारकुनाने कपाटाला विचारलं. नमुना नव्हता. आजवर कुणी आपण होऊन चूक सांगायला आलंच नव्हतं.

शेवटी मी कोऱ्या कागदावर लिहिलं. भट्टीत गंधक आहे. जास्त निकेलचा धातू गंधकात ठिसूळ होतो. लोहाराच्या भट्टीत तो माझ्यादेखत तुटला. कमी निकेलचाच द्यावा, कारण त्याला लागून माणसं काम करतात. आधीची चूक सर्वस्वी माझी. सही या वेळी स्वच्छ आली, याचं मलाच नवल वाटलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग पेन उघडून खाली लिहिलं, 'मी सहमत आहे', आणि आपली सही केली. आपण काय करून बसलो ते लक्षात येताच त्यांनी घटाघटा पाणी प्यायलं. मग उरलेला अर्धा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

पुढचे चार महिने मी कारवाईची वाट बघण्यात घालवले. दारावर टकटक झाली की मी आतल्या खोलीत जाई आणि सुनंदा दार उघडे. बहुधा मोहनबाई विरजण मागायला आलेल्या असत. शेठजींनी मला खोलीत बोलावून बरंच सुनावलं. कारखान्याचं नाव सरकारदरबारी खराब केलं म्हणाले. ते मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनीच विचारलं की स्वस्तातला धातू खरोखर चालेल ना. मी हो म्हणालो. तेव्हा त्यांचा राग थोडा निवला.

कारवाई आली नाही. मे महिन्यात परवाना आला, धाकट्याचा. भट्टीची भिंत तेवढ्यात शेठजींनी लिंपून घेतली. इसाकभाईंनी स्वतः बसून नवी घोडी जोडून घेतली. पहिल्या दिवशी चाळीस ताटल्या मांडल्या, घोडी आत गेली आणि दार लागलं.

मी भट्टीपासून चार हातांवर उभा होतो. तिथे उभं राहायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. बघायला म्हणून गेलो आणि दार लागल्यावर माझे पाय जे जागेवर रुतले ते सुटेनात. चार मिनिटं म्हणजे किती असतात, हे मी आता कुणालाही सांगू शकेन. झुलालच्या घणाचा आवाज कानात होता. धाकट्यालाही वेगळ्या काही गोष्टीची बाधा होत असेल आणि ती मला माहीत नसेल, असं सारखं वाटत होतं. शेठजी लांब ऑफिसच्या दारात उभे होते. दोनदा त्यांनी मला मागे या असं हाताने खुणावलं. मी हललो नाही. ते नंतर सगळ्यांना सांगत सुटले की विसपुत्यांचा आपल्या निवडीवर केवढा भरवसा.

दार उघडलं. धग अंगावर आली आणि माझ्या भुवया करपल्याचा वास मला आला. इसाकभाई आणि रमजानने घोडी बाहेर ओढली. लालभडक सांगाडा थरथरत पुढे आला, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर येऊन थांबला. वाकला नाही. ताटल्या हळूहळू निवत गेल्या आणि पांढऱ्या झाल्या. रमजानने एक उचलून उजेडात धरली, फिरवून बघितली. एकही तीळ नव्हता. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

इसाकभाईंनी हातमोजे काढले, खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं आणि ते माझ्याजवळ आले. तेवीस वर्षं या भट्टीवर आहे, पण सही करणारा माणूस आज पहिल्यांदा इथे उभा राहिलेला पाहिला, असं म्हणाले. मला खोटं मोठेपण सोसवेना. मी हळूच सांगितलं की इसाकभाई, मी भरवशाने नाही, भीतीने उभा होतो, पायच उचलत नव्हता.

त्यांनी माझा दंड धरला आणि मला दोन पावलं मागे आणलं, कारण पुढची घोडी भरून तयार होती.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "मी पण तसाच उभा राहतो. रोज."